लखनौचा गुग्गुळ आणि जपानची बुरशी

मे २००२मध्ये 'सायन्स' या अमेरिकी साप्ताहिकात गुग्गुळावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या डेव्हिड मूर यांच्या गटाने त्यात दाखवले होते, की गुग्गुळातला गुग्गुलस्टेरोन हा घटक यकृताच्या पेशीतल्या 'एफएक्सआर' नावाच्या रिसेप्टरला निष्क्रिय करतो आणि त्यामुळे कोलेस्टेरॉलचा निचरा ठरवणाऱ्या जनुकांचे काम बदलते. लखनौच्या प्रयोगशाळेने वीसेक वर्षे ज्याचा पाठपुरावा केला होता, त्या औषधाला जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात जनुकांच्या पातळीवरचे स्पष्टीकरण मिळाले होते. पंधरा महिन्यांनी, ऑगस्ट २००३मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दुसरा निबंध आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १०३ जणांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत गुगुलिपिड हा गुग्गुळाचा प्रमाणित अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, उतरायच्या ऐवजी चार ते पाच टक्क्यांनी वाढले होते. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे मात्र पाच टक्क्यांनी उतरले होते. औषध 'कसे' काम करते हे कळायला आणि ते काम करत नाही असे दिसायला जवळजवळ एकच मुहूर्त लाभला. मधुमेहात बुरशीतली नैसर्गिक द्रव्ये यकृताच्या जनुकांवर काय परिणाम करतात, याविषयी आज जे शोधनिबंध सतत येत असतात ते कसे वाचावेत, हे या दोन निबंधांमधल्या विसंगतीतून शिकता येते. एखादे द्रव्य यकृतातली जनुके हलवते ही साक्ष झाली, निवाडा नव्हे; आणि लखनौच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात साक्ष आणि निवाडा यांची गल्लत कुठे झाली, कुठे टळली, हे स्पष्ट दिसते.

लखनौची ही प्रयोगशाळा म्हणजे केंद्रीय औषध संशोधन संस्था, बोलीभाषेतली सीडीआरआय. तिचे उद्घाटन १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले ते गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये. अवधच्या गाझीउद्दीन हैदरच्या काळात सुरू झालेला आणि नासिरुद्दीन हैदरच्या काळात पुरा झालेला हा महाल. १८५७च्या लढ्यात तो बंडवाल्यांचा एक बालेकिल्ला होता. बंड मोडल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब झाला. आणि स्वातंत्र्यानंतर नवाबी छत्र्यांच्या खाली उंदरांचे पिंजरे आणि अर्कांच्या बाटल्या आल्या. पहिले संचालक होते सर एडवर्ड मेलनबी, मुडदूस आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध दाखवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर बी. मुखर्जी आले. संस्थेपुढचा प्रश्न साधा आणि अवघड होता: ज्या देशात औषधी वनस्पतींची परंपरा हजारो वर्षांची आहे पण आधुनिक औषधे मात्र जवळजवळ सगळी परदेशातून येतात, तिथे नवे औषध शोधायची सुरुवात कुठून करायची? संस्थेचे एक उत्तर होते सरसकट चाळणी. भारतातल्या शेकडो वनस्पती गोळा करायच्या, मद्यार्कात त्यांचे अर्क काढायचे आणि जीवाणू, बुरशी, जंत, विषाणू, अर्बुद, रक्तदाब, रक्तातली साखर अशा एकामागून एक कसोट्यांवर ते लावून पाहायचे. एम. एल. धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मालिकेचा पहिला भाग १९६८मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीमागे कुठलाही सिद्धान्त नव्हता. कोणते जनुक, कोणता रिसेप्टर हे विचारायची सोयच तेव्हा नव्हती. परिणाम आधी, कारण नंतर, अशी ही शिस्त होती, आणि ती दिसते तितकी भाबडी नव्हती.

गुग्गुळ मात्र या सरसकट चाळणीतून वर आला नाही. तो ग्रंथातून आला. १९६६मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी आपल्या प्रबंधासाठी सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन घेतले, रक्तवाहिन्या आतून जाड होण्याच्या आधुनिक विकाराशी ते ताडून पाहिले आणि स्निग्ध आहारावर ठेवलेल्या सशांवर गुग्गुळाचा प्रयोग केला. सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. १९७१मध्ये लखनौमध्ये स्वर्ण नित्यानंद आणि एन. के. कपूर यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारा डिंक म्हणून गुग्गुळाची नोंद केली. रसायनाचे काम पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी १९७२मध्ये या डिंकातली स्टेरॉइड द्रव्ये वेगळी काढून त्यांची रचना मांडली. त्यातच गुग्गुलस्टेरोनचे दोन प्रकार होते. पुढे डिंकातला विषारी आणि निरुपयोगी भाग वगळून एथिल अॅसिटेटमध्ये विरघळणारा भाग प्रमाणित केला गेला, त्याला गुगुलिपिड नाव पडले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. बनारसचा प्रबंध, पुण्याचे रसायन, लखनौचे औषधशास्त्र, मुंबईची कंपनी: देशी ज्ञानापासून देशी गोळीपर्यंतचा रस्ता संपूर्णपणे भारतात पार झाला होता, आणि त्याचा अभिमान वाटणे अगदी साहजिक होते.

मानवी चाचण्याही झाल्याच नव्हत्या असे नाही. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सात ठिकाणच्या कामाचा होता: मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी. आधी आठ आठवडे पथ्य आणि दिखाऊ गोळी, मग ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीनदा, असे २०५ रुग्णांवर उघडपणे करून पाहिले. त्यांतल्या ७० ते ८० टक्क्यांना गुण आला असे नोंदले गेले. त्याखेरीज, कोणाला काय दिले आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही माहीत नसलेल्या चाचणीत १२५ जणांना गुगुलिपिड आणि १०८ जणांना क्लोफायब्रेट हे त्या काळचे प्रचलित औषध दिले. कोलेस्टेरॉलमध्ये सरासरी घट गुगुलिपिडने ११ टक्के, क्लोफायब्रेटने १० टक्के. ट्रायग्लिसराइड्समध्ये अनुक्रमे १६.८ आणि २१.६ टक्के. अहवाल चांगला वाटतो, पण तो बारकाईने वाचला की दोन उणिवा दिसतात. पहिली, दोन औषधांची तुलना झाली, पण औषध आणि काहीही नाही यांची तुलना त्या मोठ्या गटात झाली नाही. ज्याचे कोलेस्टेरॉल चाचणीला घेताना फार वाढलेले असते, त्याचे ते पुढच्या मोजणीत काही न करताही थोडे उतरतेच. पथ्याने आणखी उतरते. दुसरी उणीव अधिक गंभीर. ज्याच्याशी बरोबरी केली ते क्लोफायब्रेटच तोवर संशयाच्या भोवऱ्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या मोठ्या चाचणीत, १९७८नंतरच्या अहवालांनुसार, क्लोफायब्रेटने कोलेस्टेरॉल उतरले, हृदयविकाराचे काही झटकेही टळले, पण एकूण मृत्यू वाढले होते. लंगड्या घोड्याच्या बरोबरीने धावले म्हणून शर्यत जिंकली असे म्हणता येत नाही.

नेमक्या याच वर्षांत दुसरे नैसर्गिक द्रव्य यकृतावर काम करत होते, आणि ते बुरशीतून आले होते. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी १९७१पासून सहा हजारांहून जास्त बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले. त्यांचा हेतू ठरलेला होता: यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतला एचएमजी-कोए रिडक्टेज हा कळीचा एन्झाइम अडवणारे काहीतरी बुरशीत सापडायला हवे, कारण दुसऱ्या सूक्ष्मजीवांना मारायला बुरशी अशी द्रव्ये वापरत असावी. क्योटोच्या एका धान्यदुकानातल्या तांदळावर वाढलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत कॉम्पॅक्टिन मिळाले. परीक्षानळीत त्याने एन्झाइम उत्तम अडवला, आणि उंदरांना खाऊ घातल्यावर काहीच घडले नाही. कारण पुढे कळले. उंदराच्या यकृताला एन्झाइम अडला हे जाणवताच त्याने तोच एन्झाइम अनेक पटींनी जास्त बनवायला सुरुवात केली, आणि औषधाचा परिणाम पुसून टाकला. म्हणजे जनुकांची हालचाल प्रचंड होती, पण रुग्णाच्या उपयोगाची नव्हती. कोंबड्यांवर प्रयोग करणाऱ्या एका सहकाऱ्याशी एंडो यांची गाठ पडली नसती तर काम तिथेच थांबले असते. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले. नंतर कुत्र्यांवरच्या विषारीपणाच्या शंकेने सांक्योने १९८०मध्ये कॉम्पॅक्टिन सोडून दिले. मर्क कंपनीचे लोव्हास्टॅटिन, जे अॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळाले होते, तेही काही वर्षे अडकून पडले आणि १९८७मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतरही खरा निवाडा लागायला १९९४ उजाडले. स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत, लोव्हास्टॅटिनपासूनच बनवलेल्या सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. माणसांतली घट, तीही मृत्यूंची: या आकड्यानंतर वादाला जागा उरली नाही.

या दोन कथांची तुलना करताना गुग्गुळ 'परंपरेतला' म्हणून हरला आणि स्टॅटिन 'विज्ञानातले' म्हणून जिंकले, असे सांगण्याचा मोह होतो. तो खोटा आहे. स्टॅटिनचे मूळही निसर्गातच आहे. लाल यीस्टचा तांदूळ म्हणून चीनमध्ये शतकानुशतके खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थातल्या बुरशीतही हेच द्रव्य असते. फरक उगमाचा नव्हता, परीक्षेच्या क्रमाचा होता. बुरशीच्या द्रव्याला प्रत्येक टप्प्यावर नकार मिळण्याची शक्यता होती, आणि दोनदा तो मिळालाही: उंदरांत, मग कुत्र्यांत. गुग्गुळाला असा नकार देण्याची संधी कोणत्याही टप्प्यावर फार कडक ठेवलेली नव्हती. २००२मध्ये जनुकांचे स्पष्टीकरण मिळाले तेव्हाही तसेच झाले. मूर यांच्या प्रयोगात एफएक्सआर नसलेल्या उंदरांच्या यकृतात गुग्गुलस्टेरोनचा परिणाम दिसला नाही. उंदरांपुरता तो चोख पुरावा होता. पण त्यानंतर लगेच दिसले, की हे द्रव्य एका रिसेप्टरवर थांबत नाही: ते औषधे फोडणाऱ्या एन्झाइमांना चालना देणाऱ्या पीएक्सआरला जागे करते आणि स्टेरॉइड संप्रेरकांच्या अनेक रिसेप्टरांनाही चिकटते. अनेक कुलुपांत शिरणाऱ्या किल्लीने एक दार उघडते हे खरे असले, तरी बाकीची दारे उघडून घरात काय होईल ते फक्त माणसावरच्या चाचणीत दिसते. २००३च्या चाचणीत ते दिसले. गुगुलिपिड घेणाऱ्यांतल्या काहींना अंगावर पुरळही उठला.

मधुमेहाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे यकृत हेच रोगाचे एक केंद्र आहे. रात्री, उपाशीपोटी, रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. लॅक्टेट, अमिनो आम्ले यांपासून ते नवी साखर बनवते. या साखळीतले पीईपीसीके आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे दोन एन्झाइम बनवणारी जनुके इन्शुलिन दाबून धरते आणि ग्लुकॅगॉन चेतवते. मधुमेहात इन्शुलिनचा हा लगाम सैल पडतो आणि जेवण झाल्यावरही यकृत साखर बनवतच राहते. म्हणून अळिंबीतल्या किंवा बुरशीतल्या एखाद्या द्रव्याने उंदराच्या यकृतातली ही जनुके शांत केली, अशी बातमी मधुमेहींना आशा वाटावी अशीच असते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. अशा देशात ही आशा स्वस्त नसते.

पण असा निष्कर्ष कसा मिळतो तेही पाहायला हवे. बहुतेक वेळा उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. हेही एका मातीतल्या सूक्ष्मजीवाचेच द्रव्य. त्याने स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि उंदीर मधुमेही होतो. मग काही आठवडे बुरशीचा अर्क पाजतात. शेवटी उंदीर मारून यकृताचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, कुटतात, त्यातला आरएनए वेगळा काढतात, त्याचे डीएनएत रूपांतर करतात आणि कोणत्या जनुकाच्या प्रती यंत्रात किती फेऱ्यांनंतर मोजण्याजोग्या होतात ते पाहतात. जितक्या कमी फेऱ्या, तितके जनुक जास्त जागे. या मोजणीत तांत्रिक खोट फारशी नसते. खोट असते तिच्या अर्थात. आरएनए वाढला म्हणजे एन्झाइम वाढलाच असे नाही, आणि एन्झाइम वाढला तरी साखर त्याच्यामुळेच बदलली असेही नाही. उंदराने नुसते कमी खाल्ले तरी ही सगळी जनुके हलतात; अर्काची चव कडू असेल तर तो कमी खातोच. रक्तातली साखर दुसऱ्या कारणाने उतरली तरी यकृतातली जनुके त्यामागून बदलतात, आणि आपण परिणामालाच कारण समजून बसतो. शिवाय स्ट्रेप्टोझोटोसिनने बिघडलेला उंदीर हा बहुतेक माणसांना होणाऱ्या टाइप २ मधुमेहाचा चांगला नमुनाच नाही. त्यात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, तर माणसांत बहुधा इन्शुलिन असते पण यकृत त्याचे ऐकत नाही.

बुरशीच्या आशेचा इतिहास हेच सांगतो. १९९९मध्ये मर्कच्या शास्त्रज्ञांनी कांगोतल्या एका झाडाच्या पानातून मिळालेल्या बुरशीत असे द्रव्य शोधले, जे इन्शुलिनच्या रिसेप्टरलाच थेट चालना देत होते आणि मधुमेही उंदरांना तोंडाने देता येत होते. गोळीतले इन्शुलिन म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. त्यापासून मधुमेहाचे औषध मात्र बनले नाही. रेइशी या अळिंबीविषयी उंदरांवरचे असंख्य निष्कर्ष चांगले आहेत. पण सिडनीमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ८४ जणांना १६ आठवडे रेइशी, किंवा रेइशीबरोबर कीडाजडी म्हणून ओळखली जाणारी कॉर्डिसेप्स, दिली आणि एका गटाला दिखाऊ कॅप्सूल दिल्या, तेव्हा साखरेत काहीच फरक पडला नाही. हा निकाल २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांवरचे असे निष्कर्ष अळिंबीला बाजारात बाळसे देतात, रुग्णाला नाही.

सर्वांत बोलका दाखला मात्र बुरशीच्या यशस्वी द्रव्याचाच आहे. सिम्व्हास्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल कमी करते. त्यामुळे पेशीतला एसआरईबीपी हा जनुक-नियंत्रक सक्रिय होतो आणि पेशी रक्तातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर जास्त बनवते. ५९६३ मधुमेहींचा समावेश असलेल्या ब्रिटिश हार्ट प्रोटेक्शन स्टडीत, २००३च्या अहवालानुसार, रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनने त्यांचे हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके सुमारे एक पंचमांशाने कमी केले. पण २०१०मध्ये तेरा चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा दिसले, की स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण नऊ टक्क्यांनी जास्त होते. म्हणजे मधुमेहींना वाचवणारे हे बुरशीजन्य औषध काही जणांना मधुमेहही देते. यकृतातल्या जनुकांच्या कोणत्याही तक्त्याने हे दोन्ही आकडे आधी सांगितले नव्हते. ते माणसांना मोजल्यावरच कळले. जनुकांचा अभ्यास या ठिकाणी निरुपयोगी नाही, उलट तिथेच त्याची खरी गरज आहे: एवढ्या मोठ्या गटात हा छोटा तोटा का होतो, कोणाला होतो, हे उलगडायला.

लखनौच्या इतिहासात असा उपयोग घडल्याचे एक उत्तम उदाहरण आहे, आणि ते योगायोगाने मुंबईशी जोडलेले आहे. सत्तरच्या दशकात पाथरचूर या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळांतून सीडीआरआयने कोलिओनॉल काढले, आणि मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात फोर्स्कोलिन काढले गेले. सुजाता भट त्या गटातल्या एक होत्या. दोघांनीही १९७७मध्ये रचना मांडली, दोन नावांनी, दोन वेगळी द्रव्ये म्हणून. ती एकच आहेत हे १९८५पर्यंत सिद्ध झाले. त्यातून रक्तदाबाचे मोठे औषध होईल ही मूळ आशा फळली नाही. पण १९८१मध्ये अमेरिकेत दिसले, की फोर्स्कोलिन पेशीत सायक्लिक एएमपी वाढवते. यकृताच्या पेशीत ते ग्लुकॅगॉनसारखे वागते आणि साखर बनवणारी जनुके चेतवते. म्हणून मधुमेहावर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत यकृताच्या पेशींना 'मधुमेहासारखे' वागायला लावायचे असेल तेव्हा आजही फोर्स्कोलिन वापरतात. तिथे त्याच्यावर औषध असल्याचा कुठलाही दावा नाही. ते एक हत्यार आहे, आणि हत्यार म्हणून त्याचे काम पक्के आहे. जनुक हलवणाऱ्या द्रव्याचे खरे मोल कुठे असते, याचे यापेक्षा प्रामाणिक उदाहरण सापडणे कठीण.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की २००३ची चाचणी अमेरिकनांवर झाली. त्यांचा आहार, त्यांचे शरीर वेगळे. गुग्गुळ भारतीय रुग्णासाठी होता. आक्षेप अयोग्य नाही, पण त्याचे उत्तर भारतात नीट चाचणी करणे हेच आहे, जुन्या अहवालावर समाधान मानणे नव्हे. शिवाय नॉर्वेमध्ये २००९मध्ये ४३ जणांवर केलेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीतही एलडीएलवर परिणाम दिसला नाही. एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण चांगले समजले जाणारे एचडीएलही उतरले. दुसरा आक्षेप वैद्यांचा आहे: आयुर्वेद गुग्गुळाचा एथिल अॅसिटेटमधला अर्क देत नाही, तो त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करतो, योगराज किंवा कैशोर गुग्गुळासारख्या कल्पात देतो, आणि माणसाची प्रकृती बघून देतो. हेही बरोबर आहे. म्हणजेच गुगुलिपिडच्या अपयशाने आयुर्वेदिक कल्प फेटाळले जात नाहीत. पण मग गुगुलिपिडच्या यशानेही ते सिद्ध होत नव्हते, आणि गुग्गुलस्टेरोनच्या जनुकांवरच्या परिणामाने तर अजिबातच नाही. ज्याचा पुरावा हवा त्याचीच परीक्षा घ्यायला हवी. सोयीचे असेल तेव्हा अर्काचा निष्कर्ष कल्पाच्या नावावर जमा करायचा आणि गैरसोयीचे असेल तेव्हा अर्क वेगळा म्हणायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: स्टॅटिनचा शोधच मुळात यंत्रणेपासून सुरू झाला. एंडो यांना यकृतातला कळीचा एन्झाइम माहीत नसता तर सहा हजार बुरशी तपासायचे कारणच नव्हते. मग यंत्रणेला दुय्यम कसे म्हणायचे? म्हणायचे नाहीच. पण एंडो यांची यंत्रणा माणसाच्या रोगातून आली होती: रक्तात कोलेस्टेरॉल वाढले की हृदयविकार वाढतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमसारख्या अभ्यासांनी आधी दाखवले होते, आणि मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन आनुवंशिक रुग्णांच्या पेशींवर त्याच काळात काम करत होते. यंत्रणा शोधाची दिशा ठरवते. ते तिचे मोठे काम आहे. शोध संपला की नाही हे ठरवायचा अधिकार मात्र तिला नाही. उंदरातल्या अपयशानंतर एंडो थांबले असते तर एन्झाइमाविषयीचे त्यांचे ज्ञान खरेच राहिले असते आणि औषध हरवले असते.

आज लखनौमध्ये चित्र मिश्र आहे. सीडीआरआय छत्तर मंझिल सोडून जानकीपुरम विस्तारात गेली आहे. त्याच शहरातल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि सीमॅप या दोन शासकीय संस्थांनी मिळून बनवलेले बीजीआर-३४ हे मधुमेहावरचे वनौषधी उत्पादन गेल्या दशकात बाजारात आले. दारुहळद, गुळवेल, बिबळा, बेडकीचा पाला म्हणजे गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी या सहा वनस्पतींचे ते मिश्रण. त्यावर वादही झाला, तो त्याच्या चाचण्यांच्या आकारावर आणि काटेकोरपणावर. आयुर्वेदिक मालकी औषधाला आपल्याकडे मंजुरीसाठी जी सिद्धता लागते ती आधुनिक औषधापेक्षा हलकी असते, हे त्या वादाच्या मुळाशी आहे. मंजुरी आणि लोकप्रियता यांची किंमत केवळ रुग्ण मोजत नाही. राजस्थान आणि कच्छच्या रुक्ष भागात वाढणारे गुग्गुळाचे झाड चीक काढण्याच्या खोल घावांनी मरते. आज त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी कडेला असलेल्या जातींत होते. ज्या औषधाचा मुख्य दावा शंकास्पद ठरला, त्याच्या मागणीने एक झाडही संपत आले आहे.

म्हणून बुरशीतल्या किंवा वनस्पतीतल्या एखाद्या द्रव्याने मधुमेही उंदराच्या यकृतातली जनुके सुधारली असे वाचले, की तीन गोष्टी विचारायला हव्यात: परिणाम दुसऱ्या जातीच्या प्राण्यात टिकला का, माणसांत, दिखाऊ गोळीशी तुलना करून, साखर किंवा झटके खरोखर कमी झाले का, आणि त्यासोबत काय बिघडले ते मोजले का. तिन्हींची उत्तरे नसतील तर तो निबंध चुकीचा ठरत नाही. तो अपुरा ठरतो, आणि अपुऱ्या निबंधावर उत्पादन काढणे चुकीचे ठरते. लखनौच्या संस्थांना या तीन प्रश्नांची उत्तरे देणे अशक्य नाही. ज्या देशात १९८९च्या आधीच मुंबई ते वाराणसी सात केंद्रांवर एका देशी औषधाची चाचणी घेता आली, त्या देशाला आज दिखाऊ गोळीचा गट असलेली आणि पुरेशी मोठी चाचणी घेता येईल. गुग्गुळाच्या बाबतीत ती तेव्हाच घेतली असती, तर २००२चा जनुकांवरचा निबंध आला तेव्हा तो एका वाद संपलेल्या औषधाचे स्पष्टीकरण म्हणून वाचला गेला असता, त्या औषधाच्या बाजूचा नवा पुरावा म्हणून नव्हे.